केतनचा सत्कार

कारवार
९ जानेवारी २०२५

दादा,

तू मला ब्लॉक केलंस, माझ्या नवऱ्याला, जितेशला केलंस, आईलासुद्धा केलंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून हाताने एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दिव्या वहिनीला सांगून ठेवलंय, डायलिसिसला निघताना तुझ्या पिशवीत टाक म्हणून. चार तास त्या खुर्चीत पडून नुसतं छत बघत बसतोस, त्यापेक्षा हे वाच.

आधी त्या बॅनरचं सांगते, म्हणजे तुझं डोकं जरा शांत होईल. केतन कन्याकुमारीहून भाईंदरपर्यंत सायकल मारणार, त्यातून जमणाऱ्या देणग्यांमधून आपल्या इथल्या धर्मादाय सेंटरला डायलिसिसचं एक मशीन मिळणार, आणि हे सगळं तुझ्या नावाने, म्हणून गाडीवर तुझा फोटो हवा असं ठरलं. जितेशने केबिन रोडवर फ्लेक्स छापायला टाकला. तुझा फोटो पाठवला आणि सांगितलं, वरती मोठा घे, गोलात. आता आपल्याकडे वरती मोठा, गोलातला फोटो कोणाचा असतो ते तुला ठाऊकच आहे. फ्लेक्सवाल्या पोराने सवयीने हार घातला, खाली समई लावली आणि छापून मोकळा झाला. गाडीला बांधायच्या घाईत आमच्यापैकी एकानेही नीट बघितलं नाही. ग्रुप फोटो निघाला, सगळ्यांच्या स्टेटसला गेला, तुझ्यापर्यंत पोचला आणि तू सगळ्यांना ब्लॉक करून टाकलंस. बरोबर केलंस. जिवंत माणसाला हार घालतात का? पण आईची शपथ दादा, मुद्दाम नव्हतं. आता हारावर एका हार्डवेअरवाल्याची जाहिरात चिकटवलीय. समई अजून दिसते.

केतन बरा आहे. पुढे तो, मागे आमची गाडी. जितेश चालवतो आणि मी शेजारी बसून मीठ-साखरेचं पाणी ढवळते, केळी सोलते, संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या चोळते. शांती नगरला पार्लरमध्ये बायकांचे पाय करते, इथे भावाचे करते. पार्लर बंद ठेवलंय म्हणून गिऱ्हाइकं रोज मेसेज करतात, 'दीदी, कब आओगे, आयब्रो जंगल हो गयी'. आई सकाळ-दुपार फोन करून विचारते, पोऱ्याने खाल्लं का. तो खातो. मीही खाते. कसली चव लागत नाही, पण खाते. दिवसभर समोर केतनची पाठ असते, आणि बघून बघून आता ती पाठही दिसेनाशी झालीय.

उगाच गोल गोल फिरत नाही, मुद्द्याचं लिहिते, किडनीचं. मला साखर, आईला साखर, वहिनीचा रक्तगट वेगळा. उरला केतन, आणि त्याचं सगळं जुळलं होतं. गेल्या वर्षी तारीख ठरली आणि त्या आठवड्यात त्याला बीपी निघालं. तू सामान भरलंस आणि वहिनीच्या माहेरी नाशिकला निघून गेलास. वहिनी सांगते, तिथले डॉक्टर सारखे मागे लागलेत, मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव नोंदवा, नंबर लागायला वर्षं जातात, जेवढं लवकर तेवढं बरं. आणि तू त्यांना सांगतोस, कशाला, घरात भाऊ आहे माझा. अरे, ज्याच्याशी बोलत नाहीस त्याच्या जिवावर हे बोलतोस?

तरी मला विचारशील तर तुझं बरोबर आहे. थांब. काल पंक्चर काढता काढता केतन खाली मान घालूनच म्हणाला, "ताई, आज बुधवार ना? दादाचा डायलिसिस असेल." बस, एवढंच. पण तुझा वार त्याच्या डोक्यात आहे.

रविवारी, एकोणीस तारखेला, आम्ही गावात पोचतो. देवळापुढे मांडव घालणार आहेत. तू ये. कोणाशी बोलू नकोस, स्टेजवर चढू नकोस, गाडीत बसून काच खाली कर आणि तो येताना बघ. तेवढं कर.

चांदणी

*

पोलादपूर
१५ जानेवारी

दादा,

काल संक्रांत झाली. आईने निघतानाच तिळगुळाचा डबा बांधून दिला होता, तो आम्ही रस्त्याच्या कडेला उघडला. केतनने एक लाडू खाल्ला आणि एक सायकलच्या पुढच्या पिशवीत ठेवला. कोणासाठी ते मी विचारलं नाही. दुपारपर्यंत त्याचा उन्हाने चिखल झाला होता.

मी या गाडीत का बसले हे तुला खरं सांगू? मशीनसाठी नाही. मशीनसाठी जितेश पुरे होता. घरी केतन कधी एकटा सापडत नाही. दुकान असतं, पोरी असतात, बायको असते, ऋतिका, नाहीतर फोन कानाला असतो. मला त्याला एकट्याला गाठून विचारायचं होतं. निघाल्यापासून रोज सकाळी ठरवायचे, आज विचारते. रोज राहून जायचं.

चिपळूणला तिथल्या एका मंडळाने सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. तिथे एक डॉक्टर होते, त्यांना हौस आली, सगळ्यांसमोर केतनचं बीपी बघितलं आणि माईकवरच सांगितलं, "एकशे वीस, ऐंशी! मंडळी, याला म्हणतात तब्येत! गोळी कुठली घेता हो?" केतन म्हणाला, "कुठलीच नाही." टाळ्या पडल्या. मी नारळ हातात धरून पहिल्या रांगेत बसले होते.

दादा, तेव्हा मला राग यायला हवा होता. तो नारळ त्याच्या डोक्यात घालावा असं तरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याला केळं सोलून दिलं आणि त्याने ते खाल्लं.

आज कशेडी घाटात विचारलं. बोगद्यातून सायकल नेता येत नाही, म्हणून जुन्या रस्त्याने वर चढला. आम्ही मागे पहिल्या गिअरमध्ये. एकदाही पाय खाली टेकला नाही, मानलं पाहिजे. वर चहाच्या टपरीवर जितेश गाडी पुसत होता, तेवढ्यात मी म्हटलं, "केतन, दादाला देणार आहेस का नाहीस? एकदाच सांग."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, आधी हे पूर्ण करू दे. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू ना. आत्ता डोक्यात काही घालू नकोस, पुढे उतार आहे."

तू म्हणशील, यात काय मोठं? पण गेल्या वर्षभरात त्याने 'नाही'शिवाय दुसरा शब्द काढला नव्हता. हा 'बघू' पहिला आहे. म्हणून लिहिते, दादा, यादीची घाई करू नकोस. आणि रविवारी ये. तू समोर दिसलास तर त्या 'बघू'चा 'हो' होईल, मला खात्री आहे. म्हणजे खात्री असायला हवी. सध्या मला कशाचीच खात्री असल्यासारखं वाटत नाही, उन्हामुळे असेल.

चांदणी

*

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
२० जानेवारी

दादा,

तू आला नाहीस. मी प्रत्येक नाशिक पासिंगच्या गाडीत डोकावले. एका गाडीत एक आजोबा झोपले होते, ते दचकून उठले.

सांगते कसं झालं ते. काशीमिऱ्यापासून गावातली पोरं बाइकवर झेंडे घेऊन पुढे. गोल्डन नेस्टच्या चौकात ट्रॅफिक तुंबला, रिक्षावाले शिव्या घालत होते, त्यातल्या एकाने विचारलं, "कौन है, नगरसेवक है क्या?" गावात शिरलो तर बँजो. हळदीला वाजवतात तोच, तीच गाणी. आपल्या माणसांना आनंद कुठलाही होवो, बँजो एकच. आईने देवळापुढे केतनला थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. ऋतिका दोन्ही पोरींना घेऊन उभी होती, नवी पैठणी नेसून. स्टेजवर सात-आठ माणसं, त्यातली निम्मी कोण होती देव जाणे. सेंटरचे ट्रस्टी बोलले, मशीन येतंय म्हणाले. शाली तर इतक्या घातल्या की केतनचं तोंड दिसेना.

आणि मग आपली शेवंती आत्या. बाबांची ही बहीण तुला माहीतच आहे, कान गेलेत पण तोंड शाबूत. तिला ओवाळायला वर बोलावलं. तिने ओवाळलं, कडाकडा बोटं मोडली आणि केतनच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं. तिला वाटलं हळू विचारतेय. माईक केतनच्या हातात होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"पोरा, एवरे लांबशी सायकल हाकीत आलास. पायान जोर हाय, छातीन जोर हाय. मंग भावाला किडनी द्याला तुला काय झाला व्हता रं?"

बँजोवाल्याने वाजवता वाजवता हात थांबवला. आईने पदर तोंडाला लावला. मी खाली दुसऱ्या रांगेत होते, मला ऋतिकाचा हात दिसला. तिने धाकटीचं मनगट इतकं घट्ट धरलं की पोरगी "मम्मा" करून ओरडली.

केतनने माईक तोंडाशी नेला. मला वाटलं विषय बदलेल. तो म्हणाला, "देणार. आत्ये, तुझ्यासमोर सांगतो, गावासमोर सांगतो, माझ्या दादाला मी किडनी देणार."

काय सांगू तुला. मांडव उठून उभा राहिला. फटाक्यांची माळ लागली, बँजो दुप्पट जोराने सुरू, आई स्टेजवर जाऊन त्याच्या गळ्यात पडली. लोक रडत होते. जितेश रडला, जो आमच्या लग्नात सोड, स्वतःच्या आईच्या वेळीही रडला नव्हता. आत्या खाली उतरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चार मान्सांत बोल्लाय. आता कुठं पलतोय?"

मी टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते हे ऐकू येत होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात ऋतिका एकटी सापडली. तिला मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे मला वाईट समजता. समजा. पण त्याला काही झालं तर या पोरींना गाव बघणार आहे का? बँजो वाजवणारे येतील का फी भरायला?" मी म्हटलं, "तू त्याला नको म्हणालीस का?" ती म्हणाली, "मी कधीच नको म्हटलेलं नाही. माझ्या नावावर खपतं, एवढंच." मग ती ताटं वाढायला लागली. मला तेव्हा ते कळलं नाही, दमले होते.

दादा, मी तुला हे सगळं जसं झालं तसं लिहिलं. शब्द दिलाय त्याने, गावदेवीच्या समोर. आता तरी ब्लॉक काढ.

चांदणी

*

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१६ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला. म्हणाली, फोन नको पण पत्रं येऊ देत, असा तुझा निरोप आहे. ठीक आहे, मी लिहीन. म्हणाली की माझं ते पत्र तू डायलिसिसच्या खुर्चीत तीनदा वाचलंस आणि शेजारच्या पेशंटलाही वाचून दाखवलंस. घरी येऊन पोटभर जेवलास. डॉक्टरांना सांगितलंस, ती यादीबिदी राहू दे, माझा भाऊ येतोय. आणि केतनला निरोप दिलास की घाई नको, आधी पायाला आराम दे.

मी निरोप दिला त्याला. त्याने मान हलवली.

टेस्टचं चालू आहे. हॉस्पिटलने दिलेल्या पहिल्या तारखेला त्याला अचानक एका शाळेत जावं लागलं, पोरांनी कार्यक्रम ठेवला होता, पोरांना नाही कसं म्हणणार. मग ऋतिकाच्या मावसभावाची हळद आली. मग त्याला सर्दी झाली. सर्दीत टेस्ट करत नाहीत असं तो म्हणाला. होईल, आज ना उद्या होईल. लोक फार बोलावतात त्याला, जिकडेतिकडे सत्कार. वेळच मिळत नाही.

सेंटरला मशीन आलं. निळसर आहे. त्यावर तुझं नाव आहे, या वेळी हाराशिवाय.

आई खूश आहे. देवळात कोणी भेटलं की सांगते, माझा धाकला मोठ्याला किडनी देतोय. बाकी सगळं छान. माझी साखर जरा वाढलीय, पण ती वाढतच असते.

तू कसा आहेस? वहिनी म्हणाली, पाय सुजलेत.

चांदणी

*

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१० मार्च

दादा,

हे पत्र खुर्चीत वाचू नकोस, घरी वाच. आणि शेजारच्या पेशंटला वाचून दाखवू नकोस.

मागच्या पत्रात मी 'चालू आहे' असं लिहिलं. काहीही चालू नव्हतं. तो एकाही तारखेला गेलेला नाही. मीच दोनदा हॉस्पिटलच्या दारात उभी राहिले, दोन्ही वेळा त्याचा फोन बंद होता. लिहिताना माझ्या हाताने आपोआप शाळेचं लिहिलं, हळदीचं लिहिलं. तशा शाळा आणि हळदी खरोखरच होत्या, पण सकाळी दहा वाजता कोणाची हळद असते?

परवा पार्लरमध्ये एक गिऱ्हाईक आली. केस कापून घेता घेता म्हणाली, "चांदनी दीदी, आपके भाई ने तो कमाल कर दिया. किडनी दे दी, और देखो, फिर से साइकिल पे!" मी कात्री थांबवली नाही. म्हटलं, "हां." दादा, मी हां म्हटलं. तिला खरं सांगायला तोंडच उघडेना. मग दिवसभर विचार करत राहिले, हिला हे कोणी सांगितलं?

ते काल कळलं. शांती नगरमध्ये एका मंडळाचा कार्यक्रम होता, केतन प्रमुख पाहुणा. मला आणि आईला पुढे बसवलं. निवेदन करणारी मुलगी, शिकलेली, छान साडी, हातातला कागद बघून म्हणाली, "आपल्या सख्ख्या भावाला स्वतःची किडनी देऊन पुन्हा सायकलवर स्वार झालेले, आपल्या मीरा-भाईंदरचे भूषण, श्री. केतन नाथा म्हात्रे!" हॉल उठून उभा राहिला. आई गोंधळली, मला म्हणाली, "दिली? कंदी दिली? मला कुनी सांगतला न्हाय." मी तिचा हात दाबला.

मी वाट बघितली. माणसाची चूक होते, पोरीने कुठेतरी अर्धवट ऐकलं असेल. केतनने शाल घेतली, नारळ घेतला, हात जोडले. मग माईक त्याच्याकडे आला. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. 'ताई, अजून दिली नाही, देणार आहे.' एवढंच वाक्य. त्याने सांगितलं की रोज भरपूर पाणी प्या, मीठ कमी खा, वर्षातून एकदा तपासणी करा. मग म्हणाला, पुढच्या वर्षी काश्मीरहून निघायचा विचार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र या वेळी हात मांडीवर ठेवले.

आईला रिक्षात बसवून पुढे पाठवलं आणि त्याच्या गाडीत जाऊन बसले. काचा वर होत्या. मी विचारलं, "तिथे बोलला का नाहीस?"

"एवढ्या लोकांसमोर त्या पोरीचा अपमान कसा करू?"

"केतन."

मग तो स्टिअरिंगला डोकं टेकवून रडला, लहानपणी शाळेत जायचं नसलं की रडायचा तसा, आवाज न करता. म्हणाला, "ताई, मला बीपी कधीच नव्हतं. मला भीती वाटते. बाबा आठवतात." तुला आठवतंय ना, बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला आपल्या पायाने चालत गेले होते, आत जाताना मला म्हणाले, संध्याकाळी भाकरी आण, इथलं पचत नाही. तू गाडी लावायला खाली गेला होतास, म्हणून कागदावर केतनने सही केली. मग त्यांना चादर पांघरूनच बाहेर आणलं. आपण सगळे रडलो आणि मोकळे झालो. केतन म्हणतो, "ती सही अजून माझ्या हातात आहे. मी त्या टेबलावर झोपू शकत नाही. सायकलवर असलो की वाटतं, मी दादासाठी काहीतरी करतोय. खाली उतरलो की भीती. म्हणून उतरावंसंच वाटत नाही."

मी म्हटलं, "मग आत्याला 'देणार' का म्हणालास?"

"तेव्हा खरंच वाटलं होतं, ताई. देवाशपथ. माईक हातात होता, सगळे बघत होते, तेव्हा मला खरंच वाटलं होतं."

ऋतिकाच्या नावावर वर्षभर खपलं ते हे. तिने एकदाही तोंड उघडलं नाही.

मला त्याची दया आली, दादा. खोटं कशाला सांगू. आणि ती दया आली तेव्हाच मला कळून चुकलं. भ्यालेल्या माणसाला धक्का देऊन पाण्यात ढकलता येतं, मीही ढकललं असतं, आत्याने तर ढकललंच होतं. पण आता त्याला कोण ढकलणार? गावाच्या लेखी त्याने दिलीय. शाल झाली, नारळ झाला, पेपरात फोटो झाला. ज्याला द्यायच्या आधीच सगळं मिळालं, तो आता कशासाठी देईल? आणि ज्यांनी त्याला विचारायचं ते सगळे टाळ्या वाजवून घरी गेले.

तो वाईट नाही. उद्या तू समोर उभा राहिलास तर तो तुझ्या पायावर डोकं ठेवेल, तुझ्यासाठी हिमालयातून सायकल मारत येईल. झोपणार मात्र नाही. आज नाही, सर्दी गेल्यावर नाही, पोरी मोठ्या झाल्यावर नाही. मी त्याच्या पोटऱ्या चोळल्यात, दादा. मला कळतं तो कशाने थांबतो आणि कशाने नाही.

मीच तुला सांगितलं होतं, थांब. कारवारहून सांगितलं, पोलादपूरहून सांगितलं, आणि तू माझं ऐकून दोन महिने घालवलेस. वहिनी म्हणते आता पायाची सूज उतरतच नाही. तुला शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, जितक्या हव्यात तितक्या. मी नाशिकला येते, दारात उभी राहून ऐकते. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती आज सकाळी देवीला साडी नेसवायला गेलीय, दोन्ही पोरांसाठी.

पण आधी एक कर. हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यादीत नाव नोंदव. 'बघू' म्हणू नकोस. 'पुढच्या आठवड्यात' म्हणू नकोस. तिथे तुला विचारतील, तुमचा भाऊ येणार होता ना? तर सांग, तो येणार नाही. बहिणीने लिहून कळवलंय.

चांदणी